परीक्षेचा साचा बदलला. हाताचे आणि झोपेचे काय?

दवाखाना बंद करण्याची वेळ झाली होती. एक शेतकरी आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आत आले. मुलाने उजवे मनगट डाव्या हाताने धरले होते.

"डॉक्टरसाहेब, पोराचा हात बघा. पेन धरला की बोटं आखडायलीत," वडील म्हणाले.

"पडलास का कुठे? गाडी घसरली का?" मी विचारले.

"नाही साहेब. चार दिवसांपासून रोज सहा-सहा तास उत्तरं लिहायलोय."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी चार वर्षं नुसते गोल काळे करायचो."

निदान त्या एका वाक्यातच झाले होते. मुलगा राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत होता. पुण्याला खोली, खाणावळ आणि अभ्यासिका यांच्या खर्चासाठी वडिलांनी देवणी बैलांची जोडी विकली होती. जुन्या पद्धतीत मुलगा एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला होता. आता परीक्षेची पद्धतच बदलली. रात्री चार तास झोप, दिवसाला आठ कप चहा, छातीत धडधड आणि त्यात हा हात. वडील औषधाची चिठ्ठी घ्यायला बाहेर गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, मला हे जमंल असं वाटत नाही. घरी तोंड कसं दाखवू?"

वाचकहो, आपल्या तालुक्यात, उदगीर-लातूरला आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यात असे एक ना दोन, शेकडो तरुण-तरुणी आहेत. म्हणून या आठवड्यात सर्दी-पडसे बाजूला ठेवून या विषयाकडे वळू.

नेमके बदलले काय?

आधी परीक्षा समजून घेऊ, कारण दुखण्याचे मूळ तिथे आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत पूर्वी ६ प्रश्नपत्रिका आणि ८०० गुण असत. त्यांपैकी भाषेची एकच प्रश्नपत्रिका लेखी, म्हणजे वर्णनात्मक होती. सामान्य अध्ययनाच्या चारही प्रश्नपत्रिका चार पर्यायांतून एक निवडण्याच्या होत्या. आयोगाने २०२२ मध्ये नवी पद्धत जाहीर केली. ती २०२३ पासून लागू होणार होती. तयारीला वेळ मिळावा म्हणून विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर बसले. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने ही पद्धत २०२५ च्या परीक्षेपासून लागू करण्याचे ठरविले.

नव्या पद्धतीत मुख्य परीक्षेच्या ९ प्रश्नपत्रिका आहेत. मराठी आणि इंग्रजी या भाषांच्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी ३०० गुणांच्या असून त्यांत किमान २५ टक्के गुण मिळवून पात्र व्हायचे असते. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार आणि वैकल्पिक विषयाच्या दोन अशा सात प्रश्नपत्रिका प्रत्येकी २५० गुणांच्या, म्हणजे एकूण १७५० गुणांच्या आहेत. मुलाखत २७५ गुणांची. पूर्व परीक्षा मात्र पर्यायांचीच राहिली आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापण्याची रीतही राहिली.

आता वैद्याच्या नजरेने हिशेब करू. पूर्वी सलग लिहिण्याचे काम ३ तासांचे होते. आता ९ प्रश्नपत्रिकांचे मिळून २७ तासांचे झाले. म्हणजे डोक्याची परीक्षा जितकी बदलली त्याहून हाताची, मानेची आणि पाठीची अधिक बदलली. तरीही मुले नवी पुस्तके आणतात, नवी शिकवणी लावतात, पण हात मात्र जुनाच घेऊन बसतात.

असे बदल सगळीकडेच होत असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत २०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्नांपैकी १८० सोडवायचे होते. २०२५ मध्ये ती सवलत गेली. १८० प्रश्न, १८० मिनिटे. आपल्याकडील एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर गेली. विमा कंपन्यांची आयुर्मानाची गणिते मांडणारे जे ॲक्च्युअरी असतात, त्यांच्या परीक्षांतही २०१९ पासून काही भाग संगणकावर सोडवावा लागू लागला. प्रश्नपत्रिकेचा साचा बदलतो तेव्हा शरीरालाही नव्या कामाची सवय करून द्यावी लागते.

लिहिणाऱ्यांचे जुने दुखणे

हे दुखणे काही आजचे नाही. इटलीमधील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यांनी निरनिराळ्या धंद्यांत होणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी कारकून-लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे दिली आहेत: सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीची ही तीन कारणे आमच्या या मुलाला तंतोतंत लागू पडली.

बोटे हलवणारे बहुतेक स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून दोरीसारख्या शिरा, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. पेन घट्ट दाबून धरला की हे स्नायू सतत आवळलेले राहतात. त्यांना विश्रांती मिळत नाही, रक्तपुरवठा कमी पडतो आणि दुखू लागते. सवय नसताना एकदम सहा तास लिहिले तर हेच होणार.

मी त्या वडिलांना विचारले, "गोऱ्हा धरला की पहिल्याच दिवशी आख्खं रान नांगरता का?"

ते हसले. "नाही हो साहेब. आधी नुसतं जू मानेवर ठेवायचं. मग मोकळंच फिरवायचं. मग हलकं काम. खांदा तयार झाला की मग औत."

"मग लेकराच्या हाताला तेवढी सवड नको का?"

बारा आठवड्यांचा लेखन-सराव

१. हात दुखत असेल तर आधी तीन-चार दिवस लिहिणे थांबवा. सोसेल इतक्या गरम पाण्याचा शेक द्या. दुखणे उतरले की सराव सुरू करा.

२. पहिल्या आठवड्यात रोज सलग २० मिनिटेच लिहा. दर आठवड्याला १५ मिनिटे वाढवा. सहाव्या आठवड्यात तुम्ही ९५ मिनिटांवर पोहोचाल आणि बाराव्या आठवड्यात सुमारे ३ तासांवर. दीड तासाच्या पुढे गेल्यावर रोज लिहू नका. एक दिवसाआड पुरे. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीच्या दिवशी.

३. पेन किती घट्ट धरला आहे याची सोपी परीक्षा आहे. लिहिता लिहिता दुसऱ्याने पेन वर ओढून पाहावा. तो सहज निसटला पाहिजे. निसटत नसेल तर पकड फार आवळलेली आहे.

४. कमी दाबावर उमटणारा पेन निवडा. फार बारीक कांडीच्या पेनापेक्षा थोडा जाड पेन बोटांना सोपा जातो. परीक्षेत कोणता पेन आणि कोणती शाई चालते, हे सूचनांमध्ये वाचून त्याच पेनाने सराव करा.

५. निव्वळ बोटांनी लिहू नका. कोपराखालचा हात टेबलावर टेकलेला असू द्या आणि हात खांद्यापासून सरकू द्या. पलंगावर पालथे पडून किंवा मांडीवर वही ठेवून लिहिण्याची सवय मोडा. परीक्षेत टेबल-खुर्ची असते, सरावही तिथेच करा.

६. सरावाच्या आधी आणि नंतर दोन मिनिटे व्यायाम करा. मुठी दहा वेळा उघडा-मिटा. हात समोर सरळ करून तळवा पुढे वळवा आणि दुसऱ्या हाताने बोटे हलकेच मागे ओढून १५ सेकंद धरा. खांदे वर उचलून दहा वेळा सैल सोडा.

७. वेगाचाही हिशेब ठेवा. समजा ३ तासांत ३ हजार शब्द लिहायचे आहेत आणि वाचन-विचारात ३० मिनिटे जातात. मग उरलेल्या १५० मिनिटांत मिनिटाला २० शब्द पडतात. तुमचा आजचा वेग घड्याळ लावून मोजा. कमी असेल तर घाबरू नका, तो सरावाने वाढतो. पण मोजलाच नाही तर परीक्षेच्या दालनात कळतो.

औषधांच्या दुकानातून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणून खाऊ नका. त्या पोटात जळजळ करतात आणि रोज घेतल्यास मूत्रपिंडालाही अपाय करू शकतात. दुखणे दाबून लिहीत राहिले तर ते वाढतेच.

पुढील लक्षणे असतील तर डॉक्टरांना दाखवा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, तर मनगटातील नस दबलेली असू शकते. अशा वेळी मधुमेह आणि थायरॉईड यांचीही तपासणी करावी लागते. करंगळी बधिर होत असेल तर बहुधा कोपर टेबलावर टेकवून तासन्‌तास बसण्याची सवय कारण असते. फक्त लिहितानाच बोटे वेडीवाकडी वळतात आणि इतर कामात हात ठीक चालतो, असे असेल तर मेंदू-विकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे

आता डोक्याकडे. चार पर्याय समोर असले की मेंदूला योग्य उत्तर ओळखायचे असते. कोऱ्या कागदावर मात्र ते आतून काढावे लागते. बाजारात ओळखीचा माणूस दिसला की आपण चटकन नमस्कार करतो. पण घरी बसून त्याचे नाव आठवायला सांगितले तर डोके खाजवतो. तसेच हे आहे. म्हणून पर्यायांच्या परीक्षेत हुशार असलेला मुलगा कोऱ्या कागदापुढे बसला की त्याला वाटते, आपल्याला काहीच येत नाही. तसे नसते. येत असते, पण बाहेर काढण्याची सवय नसते.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र लिहून काढणारे पुढे गेले. बोध सरळ आहे. वाचताना 'सगळे कळाले' असे वाटते ते फसवे असते. रोज एक प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून काय राहिले ते पाहा. तीन दिवसांनी आणि दहा दिवसांनी पुन्हा लिहा. सुरुवातीला फार थोडे आठवेल, वाईट वाटेल. ते अपयश समजू नका, तोच अभ्यास आहे.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे

आमचा हा मुलगा मोठ्या अभिमानाने सांगत होता की तो रात्री दोनला झोपतो आणि सहाला उठतो. दिवसा शिकलेले मेंदू रात्री झोपेत पक्के करीत असतो. झोप तोडली तर पेरलेले उगवण्याआधीच रान मोडल्यासारखे होते. मोठ्या माणसाला ७ ते ८ तास झोप लागते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखविले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामातील चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खाली येते. घरात दारूचा थेंब न चालणारी मुले अशा अवस्थेत परीक्षेला बसतात!

चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्याचा निम्मा भाग साधारण पाच तासांनीही रक्तात शिल्लक असतो. म्हणून दुपारी चारनंतर चहा नको. दिवसाला दोन-तीन कप पुष्कळ झाले. डब्यातील उत्तेजक पेये, जागरणाच्या गोळ्या आणि तंबाखू यांच्यापासून दूरच राहा. त्यांनी धडधड, हातांना कंप आणि पित्त वाढते. कापणाऱ्या हाताने सुवाच्य अक्षर येत नाही.

झोपण्यापूर्वी अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवा. मित्रांच्या गटात रात्री येणाऱ्या 'परीक्षा पुढे ढकलली', 'पेपर फुटला' अशा अफवांनी झोप जाते. मिळत मात्र काहीच नाही. अधिकृत सूचना सकाळी वाचली तरी चालते. कधी कधी परीक्षा खरोखरच पुढे जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन पूर आले तेव्हा २८ सप्टेंबरची राज्यसेवा पूर्व परीक्षा ९ नोव्हेंबरला घ्यावी लागली. अशा वेळी दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि उठण्या-झोपण्याची वेळ न मोडता पुन्हा सुरुवात करावी.

बसणे, डोळे आणि जेवण

अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणाऱ्यांनी दर ४५ मिनिटांनी उठून पाच मिनिटे चालावे. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. रोज अर्धा तास भरभर चालणे किंवा सूर्यनमस्कार घातल्याने झोप सुधारते आणि मनावरचा ताणही उतरतो.

खाणावळीचे जेवण कंटाळवाणे झाले की मुले वडापाव, बिस्किटे आणि चहावर दिवस काढतात. महाग 'बुद्धिवर्धक' चूर्णांच्या मागे लागण्यापेक्षा आपलीच ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि हंगामातले एखादे फळ घ्या. मांसाहार करणाऱ्यांनी अंडी घ्यावीत. मुलींनी विशेष लक्ष द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. 'वाचलेले ध्यानात राहत नाही, दम लागतो, सारखी झोप येते' अशी तक्रार असेल तर आळशी म्हणून हिणवण्याआधी रक्त तपासा.

परीक्षेच्या दिवशी नवीन पदार्थ खाऊ नका. दीड-दोन तास आधी नेहमीचा हलका नाश्ता करा. पाणी घोट घोट प्या. परीक्षेचे गाव लांब असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. रात्रभर एस.टी.त बसून सकाळी तीन तास लिहिणे कोणालाही सोपे नाही.

धडधड कशी आवरावी?

थोडी भीती उपयोगी असते, ती माणसाला जागे ठेवते. ती प्रमाणाबाहेर गेली की येत असलेलेही आठवत नाही. दालनात बसल्यावर नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत हळू सोडा. दहा वेळा असे करा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते.

दुसरा उपाय शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे ज्यांनी आपल्या मनातील भीती कागदावर लिहून काढली, त्या घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. 'नापास झालो तर वडील काय म्हणतील' हे डोक्यात फिरत राहण्यापेक्षा कागदावर उतरलेले बरे. नंतर तो कागद फाडून टाका.

घरच्यांसाठी दोन शब्द

फोनवर रोज 'अभ्यास कुठवर आला?' असे विचारू नका. 'जेवलास का? झोपलास का?' असे विचारा. शेजारच्या पोराची नोकरी लागल्याची बातमी सांगू नका. आपण केलेला खर्च मुलाला पाठ असतो, त्याची आठवण करून द्यावी लागत नाही. किती वर्षे प्रयत्न करायचा आणि नाही जमले तर दुसरे काय करायचे, हे घरात एकदा शांतपणे बसून ठरवा. दुसरी वाट ठाऊक असली की पहिल्या वाटेवर पाय लटपटत नाहीत.

आणि एक गोष्ट मात्र कधीही हसण्यावारी नेऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेली, मूल कोणाशी बोलेनासे झाले, 'माझा काही उपयोग नाही', 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलू लागले, तर तो आजार आहे, नाटक नव्हे. त्याला एकटे ठेवू नका. सरळ विचारा, शांतपणे ऐका आणि डॉक्टरांकडे न्या. विचारल्याने मनात वाईट विचार येतो, हा गैरसमज आहे. उलट मन मोकळे होते. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फुकट बोलता येते आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

त्या दिवशी मी वडिलांना पुन्हा आत बोलावले. मुलगा जे माझ्याजवळ बोलला होता, ते त्याने माझ्यासमोर त्यांनाही सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बैल पुन्हा घेता येतील बाबा. तू नीट राहा." औषध म्हणून मी फारसे काही दिले नाही, खरे औषध ते वाक्यच होते.

सहा आठवड्यांनी दोघे पुन्हा आले. मुलगा आता दीड तास न थांबता लिहीत होता. झोप साडेसहा तासांवर आली होती, चहा तीन कपांवर. अक्षरही पाहिले, वाचण्यासारखे होते. निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. जाताना वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मला विचारले, "साहेब, खांदा तयार होत आला म्हणायचा का?"

"होत आलाय," मी म्हणालो. "पण औत मात्र हळूच जोडा."